हिवाळी ऑनलाइन वर्ग आणि गोठ्यातली वही : ठाणे जिल्ह्यातील नव्या पशुपालकांसाठी मार्गदर्शन

ठाणे जिल्ह्यातील पशुपालन एका साच्यातले नाही. भिवंडी, कल्याण आणि ठाणे शहराच्या कडेने असलेल्या तबेल्यांत हरियाणा-गुजरातेतून आणलेल्या मुऱ्हा आणि जाफराबादी म्हशी दावणीला असतात, वैरण विकत येते आणि दूध रोखीने जाते. मुरबाड आणि शहापूरच्या भातपट्ट्यात मात्र चार-सहा जनावरांचा गोठा, घरचा पेंढा, माळावरची चराई आणि पावसाळ्यात दाराशी चिखल असा सगळा संसार असतो. यात अलीकडे तिसरा गट आला आहे. डोंबिवली, बदलापूर, ऐरोली किंवा घणसोलीत नोकरी करणारी आणि गावच्या वडिलोपार्जित जमिनीवर वीस-पंचवीस शेळ्या किंवा दोन म्हशी घेऊन सुरुवात करू पाहणारी ही माणसे शिकण्यासाठी सर्वांत आधी मोबाइल उघडतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी, आणि ज्यांचा गोठा जुना असला तरी मोबाइलवरचे ऑनलाइन वर्ग नवे आहेत त्यांच्यासाठी आहे.

हिवाळा या शिक्षणाला सोयीचा आहे, आणि त्याचे कारण केवळ मोकळा वेळ एवढेच नाही. भाताची झोडणी आटोपलेली असते, पेंढा घरात आलेला असतो, वाल-हरभरा टाकून झालेला असतो, हे खरेच. पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे कार्तिकापासून माघापर्यंतच्या थंडीत म्हशी अधिक प्रमाणात माजावर (फळण्याच्या अवस्थेत) येतात, जमीन कोरडी असल्याने जनावरांची तपासणी आणि गोठ्याची डागडुजी करता येते आणि मंगळवारी ऐकलेली गोष्ट बुधवारी पहाटे करून पाहता येते. एप्रिलच्या उकाड्यात किंवा जुलैच्या पावसात तोच वर्ग ऐकला, तर त्यातले निम्मे वहीतच राहते.

आधी नोंदी, मग नाव नोंदणी

बहुतेक नवखे आधी वर्गात नाव घालतात आणि मग काय विचारायचे याचा विचार करतात. क्रम उलटा असावा. वर्ग सुरू होण्याच्या किमान दोन आठवडे आधी एक साधी दोनशे पानी वही घ्यावी, प्रत्येक जनावराला दोन-चार पाने द्यावीत आणि त्या पानांच्या माथ्यावर जनावराचे नाव, कानातल्या बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक, कितवे वेत (व्यायल्याची खेप) आणि शेवटची व्यायल्याची तारीख लिहावी. हा बिल्ला शासकीय नोंदणीचा असतो. लसीकरण आणि उपचार यांची नोंद भारत पशुधन प्रणालीत त्याच क्रमांकावर होते, म्हणून बिल्ला नसेल तर तो जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून आधी मारून घ्यावा.

त्यानंतर मोजमाप. दूध रोज मोजता आले तर उत्तमच, पण ते जमत नसेल तर आठवड्यातील एक ठरलेला दिवस पाळून त्या दिवशीच्या दोन्ही वेळच्या दुधाची प्रत्येक जनावरागणिक नोंद करावी. पेंढ्याच्या बाबतीत ‘दोन पेंढ्या सकाळी, दोन संध्याकाळी’ असे लिहून भागत नाही, कारण एका गावची पेंढी दुसऱ्या गावच्या पेंढीएवढी नसते. ताणकाट्याला लावून दहा पेंढ्यांचे वजन करावे आणि सरासरी काढावी. खाद्याचे मापही एकदा तोलून घ्यावे, कारण ज्या डब्याला आपण एक किलोचा समजतो त्यात सरकी पेंड आणि भुसा यांचे वजन वेगवेगळे भरते.

जनावराचे वजन काट्याशिवायही बऱ्यापैकी काढता येते. शिवणकामाची टेप घेऊन पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीचा घेर मोजावा, खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी मोजावी, दोन्ही मापे इंचांत घ्यावीत, घेराला घेरानेच गुणून मग लांबीने गुणावे आणि येणाऱ्या संख्येला 660 ने भागावे. घेर 72 इंच आणि लांबी 58 इंच असेल, तर उत्तर साधारण 455 किलो येते. हा अंदाजच आहे, पण जंतनाशकाची मात्रा आणि चाऱ्याचा हिशेब यांसाठी तो नजरेच्या अंदाजापेक्षा कितीतरी बरा असतो.

ही वही हाताशी असल्याशिवाय वर्गाला बसू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. व्याख्याता कितीही जाणकार असला, तरी त्याला आपला गोठा दिसत नसतो. त्याला दिसतात ते आपण सांगितलेले आकडे.

कोणत्या महिन्यात कोणता विषय

वर्गांच्या यादीत सर्व विषय सारखेच आकर्षक दिसतात आणि माणूस पाच ठिकाणी नाव घालून दोन ठिकाणी हजर राहतो. त्यापेक्षा महिना पाहून विषय निवडावा. नोव्हेंबरात वैरण आणि पेंढ्यावरची प्रक्रिया, डिसेंबर-जानेवारीत प्रजनन, जानेवारीअखेर हिशेब आणि फेब्रुवारीत उन्हाळ्याची तयारी हा क्रम ठाण्याच्या हवामानाला जुळतो.

यांतल्या प्रजननाच्या विषयाला सर्वांत जास्त वेळ द्यावा. गाय असो वा म्हैस, माजाचे चक्र साधारण 21 दिवसांचे असते. म्हणजे एक माज हुकला की तीन आठवडे गेले. गाय माजावर आल्याचे दाखवते, दुसरीवर उडते, हंबरते; म्हैस मात्र पुष्कळदा मुका, म्हणजे बाहेरून फारसा न दिसणारा, माज करते आणि तोही रात्री उशिरा किंवा पहाटे. काचेसारखा पारदर्शक सोट (योनीतून येणारा चिकट स्राव), वारंवार थोडी थोडी लघवी, चाऱ्यावरचे लक्ष उडणे आणि त्या दिवशी अचानक कमी दूध या खुणा एकत्र पाहाव्या लागतात. म्हणून ज्या वर्गात माजाची लक्षणे चित्रफितीसह दाखवतात तो वर्ग निवडावा, आणि वर्ग झाल्यावर पहाटे दूध काढण्यापूर्वी आणि रात्री झोपण्यापूर्वी अशी दोनदा, हातात बॅटरी घेऊन, दावणीमागून फेरी मारण्याची सवय लावून घ्यावी. बसलेल्या म्हशीच्या मागे जमिनीवर पडलेला सोट या फेरीतच दिसतो. सकाळी शेण काढताना तो शेणाबरोबर निघून जातो. सकाळी माज दिसला तर त्याच संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी रेतन करावे (बीज भरावे), हा सर्वसाधारण नियम आहे. रेतनानंतर दोन-तीन महिन्यांनी गाभण तपासणी करून घ्यावी, कारण ‘परत माजावर आली नाही म्हणजे राहिली’ हे गृहीतक मुक्या माजाच्या म्हशीत हमखास फसवते.

शेळीपालकांनी याच काळात करडांची काळजी आणि कळपाची निवड हे विषय घ्यावेत. शेळीचा गाभण काळ साधारण 150 दिवसांचा असल्याने कोणत्या महिन्यात बोकड सोडला की करडे कधी येतील, हे आधी ठरवता येते. आणि कोकणात पावसाच्या ऐन भरात जन्मलेली करडे ओल्या जमिनीवर टिकत नाहीत, हे लक्षात घेऊन जो वर्ग हे वेळापत्रक मांडून दाखवेल तोच आपल्या कामाचा. परसातल्या कोंबड्यांसाठी हिवाळ्यात पिल्लांना ऊब देण्याचा विषय पुरेसा आहे : पहिल्या आठवड्यात 35 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी.

तबेल्यांचे गणित निराळे आहे. तिथे बरेचदा व्यायलेली म्हैस विकत घ्यायची, वेतभर दूध काढायचे आणि आटली की विकायची किंवा गाभण होण्यासाठी दुसरीकडे पाठवायची, अशी पद्धत असल्याने प्रजननापेक्षा कासदाह (कासेची सूज), स्वच्छ दूध, खाद्याचा खर्च आणि शेणाची विल्हेवाट हे विषय आधी येतात. मुरबाडच्या शेतकऱ्याने तबेल्यासाठी आखलेला वर्ग ऐकून त्याप्रमाणे खाद्य वाढवले, तर दुधापेक्षा उधारीच वाढण्याचा संभव अधिक.

वर्ग कुठे शोधावेत

पहिली चौकशी ऑनलाइन नव्हे, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात करावी. पशुधन विकास अधिकाऱ्यांकडे पशुसंवर्धन विभागाच्या आणि जिल्हा परिषदेच्या प्रशिक्षणांची माहिती येते आणि पुष्कळ वेळा दुवा त्यांच्याच व्हॉट्सअॅप गटावर पडतो. परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय 1886 पासूनचे आहे आणि ते आता नागपूरच्या महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाच्या अखत्यारीत येते. कोकणातील हवामान आणि चारापिके यांच्यासाठी दापोलीचे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठ अधिक जवळचे. शेळीसाठी मथुरेजवळच्या मखदूम येथील केंद्रीय बकरी संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी महाराष्ट्र मेंढी व शेळी विकास महामंडळाकडे लक्ष ठेवावे, तर दुधाळ जनावरांसाठी कर्नालची राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्था आणि आणंदचे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळ यांच्याकडे. या राष्ट्रीय संस्थांचे साहित्य बहुतांशी हिंदी-इंग्रजीत असते, पण हिंदी आपल्याकडे कोणाला परकी नाही. ज्यांना रीतसर अभ्यासक्रम हवा असेल त्यांनी केंद्र सरकारच्या स्वयम् या मंचावर पाहावे. तिथले बरेच अभ्यासक्रम जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत सुरू होतात.

आता टाळायचे काय. शुल्क घेणे हा दोष नव्हे, अनेक चांगल्या संस्था शुल्क घेतात. पण ज्या वर्गाच्या शेवटी तोच माणूस आपल्याला जनावरे विकतो, तोच खाद्य विकतो आणि तोच उत्पादन परत विकत घेण्याची हमी देतो, तो वर्ग नसून विक्रीचा मेळावा आहे. 2019 साली सांगली जिल्ह्यातून उघडकीस आलेले कडकनाथ कोंबडीपालनाचे गुंतवणूक प्रकरण महाराष्ट्राने पाहिले आहे, आणि त्याआधी ईमू पाळणाऱ्यांचे पैसे कसे बुडाले तेही. ‘आमच्या प्रमाणपत्रावर अनुदान नक्की’ असे कोणी सांगितले तर तिथेच थांबावे. काही योजनांत प्रशिक्षणाचा दाखला मागतात हे खरे, पण अनुदानाचा निर्णय दाखला देणारा घेत नाही. राष्ट्रीय पशुधन अभियानातील शेळी-कुक्कुट प्रकल्प असोत किंवा राज्याच्या नावीन्यपूर्ण योजना असोत, अर्ज संबंधित शासकीय संकेतस्थळावर आणि छाननी शासकीय यंत्रणेकडूनच होते.

वर्ग पारखण्याची आणखी एक साधी कसोटी आहे. आधीच्या वर्षाचे एखादे ध्वनिचित्रमुद्रण मागावे आणि शेवटची पंधरा मिनिटे, म्हणजे प्रश्नोत्तरांचा भाग, आधी ऐकावा. व्याख्याता उलट प्रश्न विचारत असेल (‘वेत कितवे? खाद्य किती? जंतनाशक कधी दिले?’) तर वर्ग चांगला, सर्वांना एकच पावडर सुचवत असेल तर दुसरीकडे जावे.

वेळ, फोन आणि कोण ऐकणार

दूध काढण्याच्या वेळा सोडून जे उरते त्यातच वर्ग बसला पाहिजे. तबेल्यांत पहाटे तीन-चारला आणि दुपारी तीन-चारला दूध निघते, त्यामुळे त्यांना सकाळी अकराची वेळ सोयीची. गावाकडे रात्री आठनंतरची. डोळखांब, टोकावडे यांसारख्या डोंगरालगतच्या भागात रेंज जाते-येते, तेव्हा वर्गाचे ध्वनिचित्रमुद्रण मिळते का हे नाव घालतानाच विचारावे आणि आठवड्याच्या बाजाराला किंवा कामाला कल्याण-मुरबाडकडे गेल्यावर ते फोनमध्ये उतरवून घ्यावे. थेट वर्गात आपला कॅमेरा बंद ठेवला की डेटा वाचतो आणि आवाजही कमी तुटतो.

याहून महत्त्वाचा प्रश्न, वर्ग ऐकणार कोण हा आहे. पुष्कळ घरांत नाव घरधन्याचे असते, फोन मुलाचा असतो आणि गोठ्यातले सगळे काम घरातल्या बाईचे असते. कासेला रोज जिचा हात लागतो तिने जर कासदाहाचा वर्ग ऐकला नाही, तर त्या वर्गाचा उपयोग फार थोडा. फोन लहान स्पीकरला जोडून ओसरीवर ठेवावा, सर्वांनी मिळून ऐकावे. तबेल्यात काम करणारे कामगार उत्तर भारतातले असतील, तर त्यांच्यासाठी हिंदीतला वर्ग निवडावा आणि तो तास पगारी धरावा.

वर्गात प्रश्न कसा विचारावा

‘साहेब, म्हैस दूध कमी देते, उपाय सांगा’ या प्रश्नाला कोणीही देऊ शकेल ते उत्तर एवढेच असते की खनिज मिश्रण द्या आणि जंतनाशक पाजा. हाच प्रश्न वही समोर ठेवून असा विचारता येतो : ‘मुऱ्हा म्हैस आहे, तिसरे वेत, व्यायला चार महिने झाले, वजन अंदाजे 500 किलो, दूध महिन्यापूर्वी आठ लिटर होते ते सहावर आले आहे, रोज सात किलो पेंढा, पाच किलो हिरवा चारा आणि चार किलो खाद्य देतो, ताप नाही, कास मऊ आहे.’ इतके सांगितल्यावर जाणकार माणूस हिरव्या चाऱ्याकडे बोट दाखवेल, कारण पाच किलो हिरव्यावर आठ लिटरची म्हैस टिकत नाही, आणि हिरवे मिळणार नसेल तर खाद्य कसे वाढवायचे ते सांगेल.

प्रश्न वर्गाआधी लिहून ठेवावा आणि लिखित स्वरूपातच पाठवावा. फोटो पाठवायचा असेल तर जनावराचा बाजूने, पूर्ण शरीर दिसेल असा, सकाळच्या उजेडात काढावा; शेणाचा फोटोही पाठवायला लाजू नये, त्यावरून पचनाचे पुष्कळ कळते. मात्र जनावर आडवे पडले आहे, पोट फुगले आहे, वार (व्यायल्यावर बाहेर पडणारी झिल्ली) अडकली आहे, तर वर्गातल्या प्रश्नाची वाट पाहू नये. तेव्हा दवाखाना किंवा पशुसंवर्धनाचा 1962 हा निःशुल्क क्रमांक.

एका वर्गामागे एकच बदल

चांगला वर्ग ऐकून आल्यावर सर्व काही एकदम बदलण्याची उमेद येते. ती आवरावी, कारण एकाच आठवड्यात खाद्य बदलले, दूध काढण्याची वेळ बदलली आणि नवे मिश्रण सुरू केले, तर दूध वाढले किंवा घटले ते कशामुळे हे कधीच कळत नाही. एक बदल करावा, तीन आठवडे वहीत पाहावे आणि मग पुढचा घ्यावा.

ठाण्याच्या भातपट्ट्यात पहिला बदल म्हणून पेंढ्यावरची युरिया प्रक्रिया घेण्यासारखी आहे. भाताच्या पेंढ्यात प्रथिने फार थोडी आणि वाळूसारखी सिलिका जास्त, म्हणून जनावर पोटभर खाऊनही उपाशीच राहते. प्रक्रियेसाठी 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून घ्यावा. जाड प्लास्टिकवर पेंढ्याचा वीतभर थर घालावा, झारीने त्यावर द्रावण सारखे शिंपडावे, पायाने दाबावा, वर पुढचा थर, असे करत ढीग रचावा आणि शेवटी चारही बाजूंनी प्लास्टिक बंद करून कडांवर माती किंवा दगड ठेवावेत. हवा आत गेली तर बुरशी येते. एकवीस दिवस तरी ढीग बंद राहावा. थंडी जास्त असेल तर आठवडाभर आणखी ठेवावा. उघडल्यावर अमोनियाचा वास नाकात जातो, पेंढा पिवळसर तपकिरी आणि मऊ झालेला असतो. रोजच्या पुरता काढून तासभर उघड्यावर पसरावा आणि वास उतरल्यावर, पहिले काही दिवस साध्या पेंढ्यात थोडा थोडा मिसळून, द्यावा.

यात दोन धोके आहेत आणि ते वर्गात घाईघाईने सांगितले जातात. उरलेले द्रावण बादलीत तसेच ठेवले आणि जनावराने ते प्यायले तर काही तासांत विषबाधा होऊन मृत्यू येऊ शकतो, म्हणून कालवलेले द्रावण त्याच वेळी संपवावे आणि बादली धुऊन टाकावी. दुसरे, सहा महिन्यांखालील वासरांना, पारड्यांना आणि लहान करडांना हा पेंढा देऊ नये. ‘चार किलोने फायदा होतो तर सहा किलो घालू’ हा विचार मुळीच करू नये.

तबेल्यात हाच पहिला बदल दूध काढण्याच्या पद्धतीत करावा : प्रत्येक सडाच्या (आचळाच्या) पहिल्या दोन-तीन धारा काळ्या ताटलीवर घेऊन गुठळ्या दिसतात का पाहणे, दूध काढून झाल्यावर सड जंतुनाशकात बुडवणे आणि त्यानंतर लगेच गव्हाणीत वैरण टाकणे, म्हणजे जनावर अर्धा तास उभे राहते. दूध काढल्यावर सडाचे तोंड काही काळ उघडे असते, त्या वेळी जनावर शेणात बसले की कासदाहाला निमंत्रणच.

हिशेबाचा तास चुकवू नये

व्यवस्थापनाच्या वर्गाला सर्वांत कमी गर्दी असते, आणि पैसा तिथेच असतो. त्यात शिकवतात ते आहाराचे आणि दिवसांचे गणित, आणि दोन्ही आपल्या आकड्यांनी करून पाहावे लागते.

आधी आहार. जनावराला दिवसाला त्याच्या वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा पदार्थ लागतो. 500 किलोच्या, आठ लिटर दूध देणाऱ्या म्हशीला 20 किलो हिरवा चारा, 5 किलो पेंढा आणि साडेपाच किलो खाद्य दिले, तर हिरव्यातून साधारण 4 किलो, पेंढ्यातून साडेचार आणि खाद्यातून 5 किलो असा साडेतेरा किलो कोरडा पदार्थ पोटात जातो, जो या मापात बसतो. खाद्याचे साडेपाच किलो येतात ते असे : दीड किलो शरीरपोषणाचे आणि दर दोन लिटर दुधामागे एक किलो. गाईला हेच प्रमाण अडीच-तीन लिटरमागे एक किलो असे धरतात. शिवाय रोज 50 ग्रॅम खनिज मिश्रण. आता आपल्या बाजारातले भाव घालून दिवसाचा खर्च काढावा आणि तो एका लिटरवर वाटावा.

मग दिवस. भाकड म्हैस दूध देत नाही, पण खाते. समजा, तिचा दिवसाचा खर्च 150 रुपये आहे, आणि दोन वेतांमधले अंतर 400 दिवसांऐवजी 500 दिवस झाले, तर जादा 100 दिवसांचे 15,000 रुपये गेले. त्यात न मिळालेले दूध धरलेलेच नाही. एक माज हुकल्याचे 21 दिवस म्हणजे 3,150 रुपये. रात्रीची बॅटरीची फेरी कशासाठी, हे या आकड्यावरून घरातल्या सर्वांना पटते. वासराकडे पाहण्याची दृष्टीही याच हिशेबातून बदलते : जन्मल्यावर पहिल्या एक-दोन तासांत चीक पाजणे सुरू करून दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे 30 किलोच्या पारडीला 3 लिटर चीक दिला, तर तेवढे ‘वाया गेलेले’ दूध पुढे घरचीच म्हैस उभी करते. चीक खरवसासाठी शेजारीपाजारी वाटण्याची आपली रीत गोड आहे, पण पारडीचा वाटा आधी.

परदेशी वर्गांतून काय घ्यावे

इंटरनेटवर अमेरिकेतील राज्य विद्यापीठांचे हिवाळी वर्गही सापडतात. तिथे 1914 च्या कायद्याने विद्यापीठांच्या कृषी विस्तार सेवेची घडी बसली, आणि बर्फामुळे शेतकरी घरात असतो म्हणून हिवाळ्यात वर्ग घेण्याची रीत पडली. त्यांतला बर्फाळ वाऱ्यापासून वासरू वाचवण्याचा, गोठलेल्या पाण्याचा भाग आपण सोडून द्यावा. ठाण्यात थंडीने जनावर गोठत नाही. आहाराचे तक्तेही जसेच्या तसे घेऊ नयेत, कारण ते त्यांच्या मोठ्या होल्स्टीन गाईंसाठी आणि मक्याच्या मुरघासावर (हवाबंद आंबवलेल्या वैरणीवर) आधारलेले असतात. पण नोंदी ठेवण्याची पद्धत, जनावराच्या अंगावरील मांस-चरबी पाहून एक ते पाच गुण देण्याची रीत आणि कोणते जनावर कधी काढून टाकावे याचा विचार, हे तिथून घेण्यासारखे आहे. आपण म्हैस ‘घरची लक्ष्मी’ म्हणून वर्षानुवर्षे भाकड सांभाळतो. त्यात गैर काही नाही, पण तिचा खर्च वहीत निराळा लिहावा, म्हणजे उरलेल्या गोठ्याचा खरा नफा दिसतो.

पडद्यावर न येणारे

इंजेक्शन, रेतन, शिंगांचे कोंब जाळणे, अडलेली प्रसूती या गोष्टी पडद्यावर पाहून करायच्या नसतात; त्यांतली बहुतेक कामे पशुवैद्यकाचीच आहेत. मात्र ताप मोजणे, कास हाताने तपासणे, अंगावरील गुण ठरवणे हे कोणीतरी शेजारी उभे राहून एकदा दाखवावे लागते. यासाठी वर्गाच्या काळात जवळच्या एखाद्या जुन्या गोठ्यावर सकाळी दूध काढण्याच्या वेळी परवानगी घेऊन जावे, रिकाम्या हाताने आणि धुतलेल्या बुटांनी. 2022 मध्ये लम्पी चर्मरोग महाराष्ट्रात पसरला तेव्हा एका गोठ्यातून दुसऱ्यात जाताना काय पाळायचे, हे पुष्कळांना प्रथमच कळले. गोचीड-माश्यांचा बंदोबस्त आणि नव्या जनावराला दोन-तीन आठवडे वेगळे बांधणे या सवयी आता सोडू नयेत.

फेब्रुवारीच्या अखेरीस वर्ग संपतात, तेव्हा वहीच्या मागच्या पानावर पुढच्या चार महिन्यांची कामे तारखांसह लिहून घ्यावीत. पाण्याची सोय असेल तर चाऱ्यासाठी नेपिअर गवताचे ठोंब लावणे. मार्चपासून दुपारी गोठ्यावर सावली आणि दोन वेळा पाणी शिंपडणे. लाळ्या-खुरकुत रोगाच्या लसीची सहा महिन्यांची फेरी कधी येते ते दवाखान्यात विचारणे. चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांना ब्रुसेल्लाची लस एकदाच देतात, तिचे वय टळू न देणे. आणि घटसर्प, फऱ्या, शेळ्यांचा आंत्रविषार यांच्या लसी पाऊस सुरू होण्यापूर्वी, मेअखेरपर्यंत टोचून व्हाव्यात म्हणून जनावरांची संख्या एप्रिलमध्येच दवाखान्यात नोंदवून ठेवणे.